समोरच्याचं ऐकू येतं, पण आपलं पोहोचत नाही: मार्कोनीची गोष्ट आणि घरच्या वायरलेस इंटरनेटचा स्लो अपलोड

आजचा लेख जरा वेगळा आहे. विषय आपला नेहमीचाच, घरचं वायरलेस इंटरनेट आणि त्याचा रखडलेला अपलोड. पण तो समजून घेता घेता मी एका माणसाच्या आयुष्यात शिरलो आणि तिथून बाहेर यायला मला चार-पाच रात्री लागल्या. तो माणूस म्हणजे गुलिएल्मो मार्कोनी. शाळेच्या पुस्तकात आपण त्याचं नाव एका ओळीत वाचलेलं असतं: रेडिओचा शोध लावणारा. ती ओळ अर्धीच खरी आहे. ते पुढे येईलच.

आधी माझा प्रॉब्लेम सांगतो. मी सानपाड्याला राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये फायबरची केबल अजून आलेली नाही, म्हणून घरी वायरलेस कनेक्शन घेतलं. म्हणजे बाल्कनीच्या बाहेर एक डबा, तो मोबाईल टॉवरशी बोलतो, आणि घरात वाय-फाय राउटर. स्पीड टेस्ट केली की डाउनलोड १४० एमबीपीएस आणि अपलोड १.८. वेब सिरीज झकास चालायची, त्यामुळे दोन महिने माझ्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते आजीमुळे. आजी दौंडला असते. दर रविवारी आम्ही तिला व्हिडिओ कॉल करतो. आम्हाला ती स्वच्छ दिसायची, तिच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता यायचं. तिला मात्र आमचे अडकलेले चेहरे दिसायचे आणि तुटक आवाज जायचा. तिला आधीच कमी ऐकू येतं. दोष आपल्या कानांचाच आहे असं धरून ती बिचारी नुसती मान डोलवायची आणि लवकर फोन ठेवून द्यायची. हे मला आईकडून कळलं. मग मात्र मी हे प्रकरण मनावर घेतलं.

आणि खणत गेलो तर समजलं की ऐकू येतं पण आपलं पोहोचत नाही, ही रेडिओची पहिल्या दिवसापासूनची अडचण आहे. इतकंच काय, तिच्यावरचा एक जबरदस्त उपाय जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी खुद्द दौंडमध्ये चालू होता. चला तर मग, सुरुवातीपासून बघू.

माळ्यावरचा मुलगा आणि बंदुकीचा बार

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील जमीनदार. आई ॲनी जेमसन आयर्लंडची, तिथल्या प्रसिद्ध व्हिस्की बनवणाऱ्या घराण्यातली. पोरगा विद्यापीठाची पदवी काही घेऊ शकला नाही. पण घराजवळ राहणारे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऑगुस्तो रिगी यांच्याकडून त्याला बरंच शिकायला मिळालं.

१८९४ च्या सुरुवातीला जर्मनीचा हाइनरिश हर्ट्झ वारला. रेडिओ लहरी खरोखर असतात हे प्रयोगाने दाखवणारा तो माणूस. आपण २.४ गिगाहर्ट्झ म्हणतो, त्यातला हर्ट्झ हाच. त्याच्या कामाबद्दल वाचून वीस वर्षांच्या मार्कोनीच्या डोक्यात आलं की या लहरींवरून तार पाठवता येईल, वायर न टाकता. त्याने घराच्या माळ्यावर सामान मांडलं. सुरुवातीला खोलीच्या एका टोकाची ठिणगी दुसऱ्या टोकाची घंटी वाजवायची, एवढंच.

१८९५ मध्ये त्याने यंत्र बाहेर काढलं. एक तार उंच खांबावर चढवली आणि दुसरी जमिनीत पुरली. म्हणजेच अँटेना आणि अर्थिंग. जितकी तार उंच तितका सिग्नल लांब, हे त्याला करून करून कळलं. अंतर वाढत वाढत टेकडीपलीकडे गेलं, जवळपास दोन किलोमीटर.

आता प्रश्न असा की टेकडीपलीकडे सिग्नल पोहोचला हे इकडे कळणार कसं? परत पाठवायला तिकडे ट्रान्समीटर नव्हताच. मग त्याचा भाऊ अल्फोन्सो बंदूक घेऊन पलीकडे गेला. सिग्नल आला की त्याने हवेत बार काढायचा, असं ठरलं होतं. बार ऐकू आला आणि मार्कोनीला पोचपावती मिळाली.

मित्रांनो, आपला इंटरनेट आजही हेच करतो. तुम्ही एखादी फाइल डाउनलोड करता तेव्हा तुमचा फोन सर्व्हरला सारखी छोटी छोटी पोचपावती पाठवत असतो: एवढं मिळालं, पुढचं पाठव. ही पोचपावती अपलोडच्या रस्त्याने जाते. तो रस्ता तुंबला तर सर्व्हर थांबून राहतो आणि मग डाउनलोडही रडायला लागतं. घरात कोणाचा तरी फोटो बॅकअप चालू झाला की सगळ्यांचंच नेट स्लो का होतं, त्याचं हे एक मोठं कारण.

म्हणून पहिली पायरी: टेस्ट करण्याआधी सगळे बॅकअप थांबवा. फोनचे फोटो, लॅपटॉपचा क्लाउड फोल्डर, क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारा सीसीटीव्ही कॅमेरा, सगळं. आमच्याकडे बाबांचा जुना टॅबलेट दिवसरात्र हजारो फोटो वर चढवत बसला होता. तो थांबवल्यावर अपलोड १.८ वरून ३.१ झाला. फरक पडला, पण आजीपर्यंत पोहोचायला अजून पुरेसा नव्हता.

लंडन आणि कंपनी

इटलीत मार्कोनीच्या कामाला हवा तसा आधार मिळाला नाही. १८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला आली. जूनमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश पोस्ट खात्याचे मुख्य इंजिनिअर विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवर, फ्लॅट होम बेटापासून किनाऱ्यापर्यंत साधारण सहा किलोमीटर संदेश गेला. त्याच वर्षी कंपनी निघाली. १८९९ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडमधली खाडी पार झाली. पोरगा तेव्हा पंचविशीत नुकताच आलेला. आजच्या भाषेत एकदम स्टार्टअप फाउंडर.

आणि स्टार्टअपवाल्यांना येते तीच अडचण आली: गर्दी. सगळे एकाच ठिणगीवर, एकाच वेळी बोलायला लागले तर कोणाचंच काही कळत नाही. १९०० मध्ये मार्कोनीने ट्यूनिंगचं पेटंट घेतलं, प्रत्येक स्टेशनला आपली वेगळी फ्रिक्वेन्सी. त्या पेटंटचा नंबर ७७७७. यातही तो एकटा नव्हता. ऑलिव्हर लॉज आणि निकोला टेस्ला यांचं काम आधीचं होतं. मार्कोनी वारल्यानंतर १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या ट्यूनिंगच्या अमेरिकन पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द ठरवले, कारण इतरांचं काम त्याच्या आधीचं निघालं.

इथे आपल्या जगदीशचंद्र बोसांचं नाव घ्यायलाच हवं. १८९५ मध्ये कलकत्त्यात त्यांनी भिंतीपलीकडे रेडिओ लहरी पाठवून घंटी वाजवून दाखवली होती. बोस ज्या लहरींवर काम करत होते त्यांची लांबी काही मिलिमीटर ते अडीच सेंटिमीटर. आपल्याकडे २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात जो २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला, त्याच्या लहरीही याच मापाच्या, सेंटिमीटरभर. बोसांनी १८९९ मध्ये पाऱ्याचा वापर करणारा एक डिटेक्टर मांडला होता. तशाच जातीचा डिटेक्टर मार्कोनीने त्याच्या सगळ्यात गाजलेल्या प्रयोगात वापरला, आणि तो इटालियन नौदलाचा म्हणून ओळखला गेला. बोसांना श्रेय मिळायला अनेक दशकं लागली.

तीन टिंबं, आणि उत्तर नाही

तो गाजलेला प्रयोग म्हणजे १२ डिसेंबर १९०१. इंग्लंडच्या टोकाला पोल्ढू इथे प्रचंड ट्रान्समीटर उभारला होता, २५ किलोवॅटच्या जनरेटरवर चालणारा. वादळात त्याचे उंच खांब कोसळले, मग घाईने दुसरे उभे केले. मार्कोनी समुद्रापलीकडे न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर बसला होता, साधारण ३,४०० किलोमीटरवर. तिथे वारा इतका की अँटेनाची तार पतंगाला बांधून वर चढवावी लागली. कानाला इअरफोन लावून तो वाट बघत होता. दुपारी त्याला मोर्स कोडमधलं एस हे अक्षर ऐकू आलं, म्हणजे तीन टिंबं. त्याने इअरफोन आपल्या सहकारी केम्पकडे दिला. केम्पलाही ऐकू आलं.

बस्स. पुरावा एवढाच, दोन माणसांचे कान. पलीकडे उत्तर पाठवायची सोयच नव्हती. त्यामुळे अनेकांनी विश्वास ठेवला नाही, आणि दिवसाउजेडी तो सिग्नल खरंच पोहोचला असेल का यावर आजही काही तज्ज्ञ शंका घेतात.

मार्कोनीला ही टीका लागली. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो फिलाडेल्फिया नावाच्या जहाजावर यंत्र घेऊन चढला आणि अमेरिकेकडे निघाला. मागे पोल्ढूहून संदेश येत होते. या वेळी ते कागदाच्या पट्टीवर छापले जात होते आणि जहाजाचा कॅप्टन साक्षीला होता. पूर्ण संदेश सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत आले. नुसती एस ची टिंबं रात्री ३,३०० किलोमीटरच्या पुढेही आली. दिवसा मात्र हजार-अकराशे किलोमीटरनंतर सगळं शांत.

हा प्रसंग वाचताना मी थांबलो. कारण जहाज ऐकत होतं, पण तेवढ्या अंतरावरून उत्तर देऊ शकत नव्हतं. जहाजाकडे पोल्ढूसारखं पॉवरहाउस नव्हतं. मोठ्या स्टेशनचा आवाज छोट्यापर्यंत जातो, छोट्याचा मोठ्यापर्यंत जात नाही. माझी बाल्कनी म्हणजे ते जहाज.

आकडे बघा. मोबाईल टॉवरवरचा रेडिओ काही दहा वॅटपासून दोनशे वॅटपर्यंत ताकद लावतो. तुमचा फोन साधारणतः ०.२ वॅटच्या आसपास. घरच्या वायरलेस डब्याची ताकदही बऱ्याचदा त्याच्याच आसपास असते. म्हणून सिग्नलच्या कांड्या फुल दिसल्या तरी फसू नका. कांड्या सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती येतो. तुमचा आवाज टॉवरला किती जातो हे कांड्या सांगत नाहीत.

त्यात आणखी एक गोष्ट. फाइव्ह-जीच्या मुख्य पट्ट्यात, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, येणं आणि जाणं एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, फक्त वेळ वाटून. आणि वाटणी सारखी नसते. साधारणतः तीन-चतुर्थांश वेळ डाउनलोडला जातो, कारण बहुतेक लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. म्हणजे अपलोड डाउनलोडपेक्षा कमी असणं हा बिघाड नव्हे. पण १४० ला ३ हे नक्कीच काहीतरी चुकल्याचं लक्षण आहे.

भर कार्यक्रमात घुसखोरी

एक मजेशीर किस्सा सांगतो, कारण तो ट्रबलशूटिंगच्या कामाचा आहे. ट्यूनिंगमुळे आपले संदेश सुरक्षित आहेत असा मार्कोनीच्या कंपनीचा दावा होता. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन फ्लेमिंग हे शास्त्रज्ञ प्रात्यक्षिक देत होते. संदेश दूरच्या मार्कोनीकडून यायचा होता. तो यायच्या आधीच यंत्र टकटक करायला लागलं आणि त्यावर मार्कोनीची खिल्ली उडवणारा मजकूर उमटू लागला. नेव्हिल मस्केलिन नावाच्या जादूगाराने जवळच आपला ट्रान्समीटर लावला होता. वायरलेस हॅकिंगचा हा अगदी सुरुवातीचा किस्सा.

यातून दुसरी पायरी: राउटरच्या पेजवर जाऊन कनेक्ट झालेल्या डिव्हाइसची यादी बघा. आमच्या यादीत दोन अनोळखी फोन निघाले. कोण होते ते कळलं नाही, पण पासवर्ड आमच्या फ्लॅट नंबरवरून ठेवलेला होता, म्हणजे चूक माझीच. पासवर्ड बदलला आणि ते गेले.

टायटॅनिकची रात्र

१९०७ मध्ये आयर्लंड आणि कॅनडादरम्यान नियमित वायरलेस तारसेवा सुरू झाली. १९०९ मध्ये मार्कोनीला जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउनबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. जहाजाजहाजांवर मार्कोनी कंपनीची यंत्रं आणि कंपनीचेच ऑपरेटर बसले.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड हे दोघे मार्कोनी कंपनीचे तरुण ऑपरेटर होते. फिलिप्स किनाऱ्यावरच्या केप रेस स्टेशनशी प्रवाशांच्या तारांची देवाणघेवाण करत होता. तेवढ्यात जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाने बर्फाची सूचना द्यायला सुरुवात केली. ते जहाज इतकं जवळ की त्याचा सिग्नल कानठळ्या बसवणारा, आणि त्याखाली केप रेसचा क्षीण सिग्नल गाडला गेला. फिलिप्सने वैतागून त्याला गप्प केलं. कॅलिफोर्नियनचा एकुलता एक ऑपरेटर थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपला. त्यानंतर टायटॅनिक हिमनगाला धडकलं. मदतीचे सिग्नल जात राहिले, पण सगळ्यात जवळच्यांपैकी एक असलेलं हे जहाज ऐकतच नव्हतं. दूरच्या कार्पेथियाने ऐकलं आणि सातशेहून जास्त लोक वाचले. सुमारे पंधराशे गेले. त्यात फिलिप्सही होता.

मार्कोनी तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता. कार्पेथिया बंदराला लागल्यावर तो जहाजावर जाऊन जखमी ब्राइडला भेटला. वायरलेसमुळे माणसं वाचली म्हणून त्याचं खूप कौतुक झालं. पण त्यानंतर जगाने नियमही केले: जहाजावर चोवीस तास कोणीतरी ऐकत असलंच पाहिजे. यंत्र असून भागत नाही, हे लोकांना फार महागात कळलं.

आपल्या घरात एवढं भयंकर काही नसतं, पण जवळचा मोठा आवाज लांबचा बारीक आवाज गाडून टाकतो हे तत्त्व तेच. सानपाड्यात आमच्या मजल्यावरून मी वाय-फाय स्कॅन केलं तर ३४ नेटवर्क दिसले. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. म्हणजे ३४ घरं तीन खोल्यांत कोंबलेली. म्हणून तिसरी पायरी: फोन ५ गिगाहर्ट्झवर घ्या, आणि एकदा लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून स्पीड टेस्ट करा. केबलवर अपलोड चांगला आला तर दोष घरातल्या वाय-फायचा. केबलवरही वाईटच आला तर दोष डब्याच्या आणि टॉवरच्या मधला. ही एक टेस्ट केलीत तर तुमचा निम्मा वेळ वाचेल.

माझ्याकडे केबलवरही ३.४ च आला. म्हणजे दोष बाहेर.

ताकद कमी करा, नेम धरा

१९१२ मध्येच इटलीत मोटारीच्या अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला. पण काम थांबलं नाही. तोपर्यंत लांबचा संदेश म्हणजे लांब लहर, उंच खांब आणि प्रचंड ताकद असंच सगळे धरून चालले होते. त्यानेच तो पायंडा पाडला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, तो पुन्हा छोट्या लहरींकडे वळला. चार्ल्स फ्रँकलिन हा त्याचा इंजिनिअर सोबत होता. छोट्या लहरींचा फायदा असा की त्यांना आरसा लावता येतो. तारांचा पडदा, मागे परावर्तक, आणि सगळी ऊर्जा एकाच दिशेला.

१९२३ मध्ये मार्कोनी आपल्या एलेट्रा या बोटीतून अटलांटिकवर निघाला. पोल्ढूहून ९७ मीटरच्या लहरींवर सिग्नल येत होते. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांपर्यंत ते पोहोचले. ताकद १ किलोवॅटपर्यंत उतरवली तरी ते वेल्समधल्या अवाढव्य लाँगवेव्ह स्टेशनपेक्षा जोरात ऐकू येत होते. वीस-बावीस वर्षं आपण जे महागडं करत आलो त्यापेक्षा स्वस्तात, चांगलं काम होतं, हे पन्नाशीजवळच्या माणसाने मान्य करणं सोपं नसतं. त्याने केलं.

१९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार झाला. साम्राज्यातल्या देशांना जोडणारी बीम स्टेशनं बांधायची, आणि दोन्ही दिशांना मिनिटाला १०० शब्द गेले पाहिजेत अशी अट होती. दोन्ही दिशांना! म्हणजे अपलोड आणि डाउनलोड सारखंच. आधी कॅनडा, मग ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, आणि सप्टेंबर १९२७ मध्ये भारत.

भारतातली जागा कुठली? पाठवणारं स्टेशन पुण्याच्या खडकीला आणि ऐकणारं स्टेशन दौंडला. पलीकडे इंग्लंडमध्येही अशीच जोडी, ग्रिम्स्बीजवळ पाठवणारं आणि स्केग्नेसजवळ ऐकणारं. खडकी आणि दौंड यांच्यात ७०-८० किलोमीटरचं अंतर मुद्दाम. पाठवणाऱ्या यंत्राच्या गोंगाटात सात हजार किलोमीटरवरून आलेला बारीक आवाज बुडू नये म्हणून. जाण्याचा आणि येण्याचा रस्ताच वेगळा. आमच्या घरात दोन्ही एकाच डब्यात असतात आणि वेळ वाटून घेतात, हे तुम्ही मघाशी वाचलंच.

ही सेवा इतकी स्वस्त आणि जलद होती की समुद्राखालच्या केबलवाल्या कंपन्यांचा धंदा बसायला लागला आणि शेवटी दोघांचं विलीनीकरण करावं लागलं. भारतातही १९३२ मध्ये रेडिओ आणि केबल एकत्र आले. स्वातंत्र्यानंतर ही कंपनी सरकारने घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली. १९७१ मध्ये तिचं उपग्रह केंद्र पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळ आर्वीला उभं राहिलं. १९८६ मध्ये तिचं नाव विदेश संचार निगम झालं, आणि १५ ऑगस्ट १९९५ ला याच व्हीएसएनएलने भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे खडकी-दौंडच्या त्या तारांपासून तुमच्या फोनपर्यंत धागा सलग आहे.

डबा दहा मीटर वर

आता चौथी पायरी, आणि हीच माझ्या कामी आली. राउटरच्या ॲडमिन पेजवर सिग्नलचे दोन आकडे असतात. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो: उणे ८० च्या आसपास मस्त, उणे ११० च्या खाली वाईट. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ: २० च्या वर उत्तम, ० च्या जवळ बेकार. माझे आकडे होते उणे १०९ आणि ४.

बाल्कनीतून बघितलं तेव्हा उलगडा झाला. कनेक्शन घेतलं तेव्हा डब्यासमोर मोकळं होतं. आता त्याच दिशेला रिडेव्हलपमेंटची बिल्डिंग वर चढली होती, आणि आमचा डबा तिच्या काँक्रीटकडे तोंड करून बसला होता. टॉवरचा मोठा आवाज कसाबसा वळसे घेत यायचा. आमचा ०.२ वॅटचा आवाज तिथेच विरायचा.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला होता, दर वेळी राउटर रिस्टार्ट करायला सांगितलं गेलं. चौथ्यांदा मी आकडे घेऊन बोललो: दोन आकडे, लॅनवरची टेस्ट, सकाळ-दुपार-रात्र तीन वेळांची नोंद, आणि समोरच्या बिल्डिंगचा फोटो. दुसऱ्या दिवशी टेक्निशियन आला. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांची परवानगी काढून डबा गच्चीवर नेला, साधारण दहा मीटर वर, आणि पाम बीच रोडच्या बाजूच्या दुसऱ्या टॉवरकडे फिरवला. आरएसआरपी उणे ८८, एसआयएनआर १७. अपलोड १९ एमबीपीएस.

तार उंच चढवा आणि नेम धरा. १८९५ आणि १९२७. नवीन काहीच नव्हतं.

एक सावधगिरी: गच्चीवर स्वतः चढून डबा हलवू नका. पडण्याचा धोका असतो, विजेचाही असतो, आणि अर्थिंग नीट नसेल तर पावसाळ्यात अख्खं यंत्र जळू शकतं. आणि हे सगळं करूनही फक्त रात्री नऊ ते अकरा स्पीड पडत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. त्यावर घरात उपाय नाही. फाइल पहाटे अपलोडला लावा, आणि प्लॅनमध्ये अपलोडची मर्यादा किती लिहिली आहे तेही एकदा वाचा.

शेवटची वर्षं

मार्कोनीचा शेवट मला सरळ सांगता येत नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. पुढे मार्क्वेस झाला, इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला, आणि १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा त्याने त्याचं समर्थन केलं. त्याच काळात प्रयोगही चालूच होते. १९३१ मध्ये त्याने व्हॅटिकन रेडिओ उभारून दिला, आणि नंतर पोपच्या उन्हाळी निवासापर्यंत अर्धा मीटर लांबीच्या लहरींचा दुवा जोडला. बोसांनी जिथून सुरुवात केली होती त्या छोट्या लहरींच्या दिशेला तो आयुष्याच्या शेवटी परत येत होता.

२० जुलै १९३७ ला तो रोममध्ये वारला. त्याच्यासाठी अनेक रेडिओ स्टेशनं दोन मिनिटं गप्प राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगदीशचंद्र बोसही गेले.

परवाच्या रविवारी आम्ही दौंडला कॉल लावला. आजीने पहिल्यांदाच विचारलं की तुमच्या मागच्या भिंतीला नवीन रंग कधी दिला. रंग दिवाळीत दिला होता. ती तेव्हापासून आमच्याशी बोलत होती, फक्त तिला भिंत दिसत नव्हती. त्या दिवशी फोन पाऊण तास चालला, आणि शेवटी आम्हीच ठेवला.

तर मित्रांनो, आज रात्री एक काम करा. डाउनलोडचा आकडा बाजूला ठेवून फक्त अपलोड बघा. बॅकअप थांबवा, यादी तपासा, लॅन केबल लावा, दोन आकडे लिहून घ्या. आणि घरच्या कोणी कॉलवर गप्प गप्प राहत असेल, तर आपला आवाज तिकडे कसा पोहोचतोय, हे आधी विचारा.